जुनं सोलर पॅनल घेताना आधी त्याची पाठ बघा

सोलर पॅनलमध्ये झिजावं असं हलतं काहीच नसतं. सिलिकॉनवर ऊन पडतं, इलेक्ट्रॉन सुटतात, प्रवाह वाहतो. यात सिलिकॉन खर्च होत नाही, म्हणूनच 25 वर्षांनंतरही साधारण 80 टक्के क्षमतेची हमी मिळते. तरीही काही पॅनलं दहा-बारा वर्षांतच कामातून जातात, कारण म्हातारं होतं ते सिलिकॉनभोवतीचं बांधकाम: सेलना काचेशी चिकटवून ठेवणारा ईव्हीएचा पारदर्शक थर, मागचं प्लास्टिकचं आवरण म्हणजे बॅकशीट, सेल जोडणाऱ्या पट्ट्यांचं सोल्डर आणि मागच्या डबीतले डायोड, म्हणजे बिघडलेल्या भागाला वळसा घालून प्रवाह पुढे नेणारे भाग. जुन्या पॅनलचे पैसे मोजतो तेव्हा आपण या बांधकामाचं उरलेलं आयुष्य विकत घेत असतो.

नागपुरात त्याची कसोटी जास्तच कडक. पॅनलवरचे वॉट सेल 25 अंशांवर असतानाचे असतात. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या सर्वात कडक नऊ दिवसांत, हवा 45 अंशांवर जाते, तेव्हा सेल 70 पर्यंत सहज तापतात. जुन्या पद्धतीच्या पॅनलची वीज दर अंशाला सुमारे 0.4 टक्के घटते, म्हणजे भर दुपारी 18 टक्के गायब. ही घट सेल थंड झाले की भरून निघते. भरून निघत नाही ते रोजच्या तापण्या-निवण्याने सोल्डरला बसणारे ताण. फेब्रुवारी-मार्चची गारपीट काच फोडत नसली तरी आत केसासारख्या चिरा पाडून जाऊ शकते.

म्हणून कबाड्याकडे किंवा जुना प्लांट उतरवणाऱ्याकडे गेलात, तर काच पुसून चमकवलेली बाजू नंतर बघा. आधी पॅनल उलटं करा आणि बॅकशीटवर अंगठा घासा. खडूसारखी पांढरी भुकटी लागली तर आवरण उन्हाने कुजायला लागलंय. त्यावर चिरा किंवा फुगे असतील, तर पावसाळ्यात ओल आत जाणार. मागच्या डबीचं झाकण वितळलेलं, तपकिरी पडलेलं दिसलं तर तिथं बहुधा डायोड जळालाय. मग पुढून बघा: पिवळट-तपकिरी झालेले सेल, पट्ट्यांच्या कडेने गेलेल्या गंजाच्या रेषा. काच तडकलेलं पॅनल फुकट मिळालं तरी आणू नका. ओल शिरली की फ्रेममध्ये करंट उतरू शकतो. म्हणूनच वरून धड दिसणाऱ्या पॅनलचंही इन्सुलेशन इलेक्ट्रिशियनकडून मेगरने (इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने) तपासून घ्यावं.

विकणारा हमखास मल्टिमीटर लावून व्होल्टेज दाखवतो. हा पुरावा फार कच्चा आहे. उघड्या टोकांवरचं व्होल्टेज ढगाळ उजेडातही जवळजवळ पूर्ण दिसतं, कारण ते प्रकाशाच्या प्रमाणात वाढत नाही. त्यातून कळते मुख्यतः एकच गोष्ट. 60 सेलच्या पॅनलवर 37-38 व्होल्ट छापलेले असतात आणि तापलेलं पॅनल 33 च्या आसपास दाखवतं, ते ठीक. पॅनलचे सेल तीन भागांत जोडलेले असतात, 22 दाखवत असेल तर त्यातला एक भाग बंद पडलाय. खरी परीक्षा अँपिअरची, कारण शॉर्ट सर्किट करंट, म्हणजे पॅनलची दोन टोकं थेट जोडल्यावर वाहणारा प्रवाह, उन्हाच्या प्रमाणात बदलतो. शेजारी तेवढ्याच वॉटचं चांगलं पॅनल त्याच कोनात ठेवून दोन्हींचा करंट मोजा. क्लॅम्प मीटर मात्र डीसी मोजणारं हवं, साधं फक्त एसी मोजतं. मोजण्याची जोडणी करताना आणि सोडताना पॅनल पुठ्ठ्याने पूर्ण झाका. याही परीक्षेतून सोल्डरचा दोष सुटू शकतो, तो भार टाकल्यावरच उघडा पडतो. जमलं तर पॅनल एमपीपीटी कंट्रोलर (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरी चार्ज करणारं यंत्र) आणि उतरलेल्या बॅटरीला जोडून प्रत्यक्ष किती वॉट मिळतात ते बघा.

पॅनलं मापून झाली की ती छापील वॉटप्रमाणे लावू नका, मोजलेल्या करंटप्रमाणे गट करा. सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडलेल्या ओळीत, एक पॅनल 6 अँपिअरचं आणि बाकी 8 ची असतील, तर ते एकच सगळ्या ओळीला मागे ओढतं.

आता अशा पॅनलांवर विजेची गाडी चार्ज करायचा हिशेब. नागपुरात वर्षाची सरासरी काढली तर एक किलोवॉटमागे दिवसाला 4 युनिट धरावेत. 250 वॉटचं जुनं पॅनल खरे 200 वॉट देत असेल, तर दिवसाला 0.8 युनिट. ई-स्कूटर रोज 30 किलोमीटर चालली तर चार्जरमधली गळती धरून साधारण 1.1 युनिट खाते. म्हणजे दोन पॅनलं पुरतात, कागदावर. अडचण अशी की स्कूटरचा चार्जर एकदम 500-700 वॉट ओढतो, दोन पॅनलं भर उन्हातही 400 च देतात. शिवाय नोकरीवाल्याची स्कूटर दुपारी घरी नसते. म्हणून मध्ये बॅटरी आणि शुद्ध साइन वेव्हचा (घरच्या विजेसारखा सुरळीत एसी देणारा) इन्व्हर्टर लागतो आणि तिथेच स्वस्त पॅनलची बचत विरघळू लागते. घरीच दुकान असलेल्याचं गणित छान जुळतं: चार पॅनलं, लहान बॅटरी, चार्जिंग अकरा ते तीन. कारला रोज 40 किलोमीटरसाठी 7 युनिट लागतात, म्हणजे अशी नऊ पॅनलं आणि सुमारे 15 चौरस मीटर गच्ची.

माझं मत स्पष्ट आहे. मीटर तुमच्या नावावर आहे, गच्ची तुमची आहे, तर पूर्ण घरासाठी जुनी पॅनलं घेऊ नका. 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत 2 किलोवॉटपर्यंत प्रत्येक किलोवॉटला 30,000 रुपये आणि 3 किलोवॉट किंवा जास्तीला 78,000 रुपये अनुदान आहे. ते देशात बनलेल्या सेलच्या नव्या पॅनललाच मिळतं. नेट मीटरिंग असलं की दिवसा जास्तीची वीज महावितरणला जाते आणि रात्री चार्ज केलेल्या गाडीचे युनिट त्यातून वळते होतात. वेगळी बॅटरी लागत नाही. जुन्या पॅनलची जागा वेगळी आहे: शेतातली खोली, गोठ्याचा दिवा, दुकानातला पंखा, स्कूटर.

जोडणी मात्र जाणत्या माणसाकडूनच करून घ्या. घरच्या एसीत प्रवाह सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो, म्हणून ठिणगी विझते. डीसीत तो शून्यावर येतच नाही, ठिणगी पेटलेलीच राहते. त्यामुळे एमसीबी (बिघाड झाला की आपोआप पडणारा स्विच) डीसीचाच हवा, एसीचा चालणार नाही. भार चालू असताना पॅनलच्या वायरींचे एमसी-4 कनेक्टर कधीही ओढू नका. जुन्या पॅनलचे कनेक्टर उन्हाने ठिसूळ झालेले असतात, ते कापून एकाच कंपनीचे नवीन बसवा. खर्च किरकोळ आहे.