चौकटीतला वंश आणि पेशीतला वारसा

लहानपणी कर्करोग होऊन त्यातून बाहेर आलेल्या अमेरिकन तरुणांपैकी कृष्णवर्णीयांना पुढे हृदयाचे विकार जास्त होतात, अशी बातमी आली की मराठीत तिचं पुढचं वाक्य ठरलेलं असतं: ‘म्हणजे हे आनुवंशिक आहे.’ तसं नाही. पण हे वाक्य इतक्या सहजपणे का सुचतं, ते मला कळतं. वंशावळ, वंशज, आनुवंशिक आणि वंशभेद हे सगळे शब्द आपण एकाच ‘वंश’ शब्दापासून बनवले. अमेरिकेतल्या अर्जावर गोरे, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक अशी जी चौकट भरतात तीही वंश, आणि आईवडिलांकडून आलेली जनुकंही वंशच. दोन गोष्टींना एकच नाव दिलं की गोंधळ होणारच. म्हणून मी इथे पहिलीला वंशगट म्हणतो आणि दुसरीला पूर्वजवारसा.

केमो आणि रेडिएशनचे दुष्परिणाम अनेक वर्षांनी उमटतात, हे इथे नव्याने सांगत नाही. लहानपणी कर्करोग होऊन वाचलेल्यांच्या, १९९४ पासून चाललेल्या उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात, निदानाला तीस वर्षं होईपर्यंत जवळपास ७३ टक्के जणांना किमान एक दीर्घकालीन आजार जडतो असं दिसलं होतं. ‘हिस्पॅनिक’ (मूळ स्पॅनिशभाषक देशांतलं असलेले लोक) हा वंश की वांशिकता, या वादातही मला फार रस नाही. २०२४ मध्ये अमेरिकी सरकारने अर्जावरचे वंश आणि वांशिकता हे दोन्ही प्रश्न एकत्रच केले.

खरी ठेच पुढे लागते. नायजेरियातून नुकत्याच आलेल्या कुटुंबातला मुलगा आणि मिसिसिपीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या कुटुंबातला मुलगा एकाच चौकटीवर खूण करतात. ग्वाटेमालातली माया या मूलनिवासी समाजातली मुलगी, स्पॅनिश पूर्वजांची अर्जेंटिनातली मुलगी आणि आफ्रिकी पूर्वजांची डॉमिनिकन मुलगी, तिघीही ‘हिस्पॅनिक’. त्यांच्या पेशींत काय आहे हे ती चौकट सांगत नाही. समाज त्यांना कोण समजतो आणि त्यानुसार कसा वागवतो, एवढं ती बऱ्यापैकी सांगते.

पूर्वजवारसा खोटा आहे असं मात्र मी म्हणत नाही. रक्ताच्या कर्करोगावर दिल्या जाणाऱ्या मर्कॅप्टोप्युरिनचंच बघा. एनयूडीटी१५ या जनुकाचे काही प्रकार असलेल्या मुलांना नेहमीचा डोस झेपत नाही, रक्तपेशी तयार करणारी अस्थिमज्जा दबते. हे प्रकार पूर्व आशियाई आणि अमेरिकेतल्या मूलनिवासी वारशात जास्त आढळतात. म्हणजे वर सांगितलेल्या तिघींपैकी माया मुलीत ते असण्याची शक्यता जास्त, अर्जेंटिनातल्या मुलीत कमी, आणि चौकट दोघींची एकच. इथे चौकट बघून अंदाज बांधणं मला अक्षम्य वाटतं. जनुकाची चाचणी आहे, ती करावी. रेडिएशन झालेल्या जागी पुढे होणारा त्वचेचा कर्करोग (मेलानोमा सोडून) गोऱ्यांमध्ये कितीतरी जास्त दिसतो, तोही शरीराचाच भाग: त्वचेतल्या रंगद्रव्याचा.

आता हृदयाकडे येऊ. त्याच अभ्यासाच्या २०१६ मधल्या विश्लेषणात कृष्णवर्णीयांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं. त्यांना मिळालेल्या उपचारांतल्या फरकाने त्याचा उलगडा होत नव्हता. पण उत्पन्न-शिक्षणासारखी आर्थिक-सामाजिक परिस्थिती हिशेबात धरली तेव्हा मृत्यूतली ती तफावत उरली नाही. रक्तदाबासारखे धोके धरल्यावर हृदयविकारातली तफावतही कमी झाली. हे फार महत्त्वाचं आहे, कारण केमोतली अँथ्रासायक्लीन गटाची औषधं हृदयाच्या स्नायूला इजा करतात, आणि त्यावर उच्च रक्तदाब आला की हृदय निकामी होण्याचा धोका दोन्हींच्या नुसत्या बेरजेपेक्षा जास्त वाढतो. रक्तदाब मोजता येतो, गोळीने आवरता येतो. पण त्यासाठी डॉक्टरकडे नियमित जाणं परवडायला हवं. २०१४ आधी अमेरिकेतल्या विमा कंपन्या जुना आजार दाखवून वैयक्तिक विमा नाकारू शकत होत्या. २०१० च्या कायद्याने मुलांना आईवडिलांच्या विम्यावर राहण्याची मुभा मिळाली, ती सव्विसाव्या वर्षापर्यंतच. त्यानंतर नोकरीतून विमा मिळाला तर ठीक. नाहीतर इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि इतर तपासण्या पहिल्यांदा सुटतात, नेमक्या त्या वयात जेव्हा त्यांची गरज वाढायला लागते.

आणखी एक चुकीचं वाचन मला फार खुपतं. ‘आर्थिक परिस्थिती धरल्यावर फरक उरला नाही’ हे वाचून लोक म्हणतात, म्हणजे फरक नव्हताच. फरक होता. ती माणसं गेली. त्यांच्या जाण्यात गरिबीचा वाटा किती, एवढंच त्या हिशेबाने दाखवलं.

वंशगटालाच जीवशास्त्र मानल्याने काय होतं, हे मूत्रपिंडाच्या गणितात स्पष्ट दिसतं. सिस्प्लॅटिन आणि आयफॉस्फामाइड ही केमोची औषधं मूत्रपिंडाला त्रास देतात, म्हणून हे उपचार झालेल्यांच्या रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंड गाळून बाहेर टाकतं ते टाकाऊ द्रव्य) मोजून मूत्रपिंड किती काम करतंय याचा अंदाज काढतात. प्रौढांसाठी २००९ पासून वापरात आलेल्या सूत्रात, रुग्ण कृष्णवर्णीय असेल तर येणाऱ्या आकड्याला १.१५९ ने गुणत. वय तेच, क्रिएटिनिन तेच, पण चौकट वेगळी म्हणून मूत्रपिंड कागदावर सुमारे १६ टक्के अधिक धडधाकट दिसायचं. तज्ज्ञाकडे पाठवायला उशीर व्हायचा, प्रत्यारोपणाच्या यादीत नाव लागायलाही. अमेरिकेतल्या मूत्रपिंडतज्ज्ञांनी हा गुणक काढून टाकलेलं सूत्र आणलं ते २०२१ मध्ये.