मोडनिंबचे तात्यासाहेब

सोलापुरात संपादक म्हटलं की आधी कुर्बान हुसेन आठवतात. गझनफर नावाचा पेपर काढायचे, १९३० च्या मार्शल लॉनंतर १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी. चार हुतात्म्यांचे पुतळे जाता-येता दिसतात त्यामुळे ते नाव कोणी विसरत नाही. पण जिल्ह्यात अजून एक संपादक जन्मलाय. पुण्याच्या एसटीत बसलात की मोहोळ सोडल्यावर कंडक्टर मोडनिंब मोडनिंब ओरडतो, तेव्हा शेजारच्याला विचारून बघा, बहुतेक वेळा माहीत नसतं. न. चिं. केळकर, म्हणजेच तात्यासाहेब, जन्म मोडनिंबचा, २४ ऑगस्ट १८७२.

गडी मुळात वकील. साताऱ्यात वकिली चालू होती, १८९६ ला टिळकांनी पुण्याला बोलावून घेतलं आणि पुढच्याच वर्षी टिळक राजद्रोहाच्या खटल्यात आत. केसरी कोण बघणार, तर केळकर. १९०८ ला परत तेच, यावेळी थेट मंडाले, सहा वर्षं. म्हणजे दोन्ही वेळा खुर्ची मिळाली ती टिळक तुरुंगात म्हणून. आता वाचक टिळकांचा, त्याला अग्रलेखात दणका पाहिजे, आणि ह्यांचा पिंडच वेगळा, दोन्ही बाजू मांडणार, मध्येच एखादी कोटी करणार आणि मग हळूच मुद्द्यावर येणार. मला तर वाटतं केसरीत जे मावलं नाही तेच पुस्तकांत गेलं.

आणि गेलं किती! विनोदावर 'सुभाषित आणि विनोद', पानिपतानंतर सदाशिवराव भाऊ म्हणून पुढे आलेल्या तोतयावर 'तोतयाचे बंड' नाटक, शिवाय कविता, कादंबऱ्या. १९१८ ला पेशवाई बुडून १०० वर्षं झाली तर बरोब्बर त्याच वर्षी 'मराठे व इंग्रज', तारीख बघून विषय धरायची सवय पेपरवाल्याचीच. टिळकांचं चरित्र तर तीन खंड. मी वाचनालयातून पहिला खंड घरी आणला तेव्हा आजोबा म्हणाले, "वाचायला आणलास का उशाला घ्यायला?" वाचायला घेतलं तर झोप मात्र येत नाही, ते कोर्टाचे कागद असे उलगडतात की वकील जागा असल्याचं कळतं.

१९२१ ला बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तिथेच त्यांनी ती सविकल्प समाधी मांडली, म्हणजे वाचताना पात्रात रमायचं पण स्वतःचं भान सोडायचं नाही. राजकारणात गांधीजींशी जमलं नाही, प्रतियोगी सहकारितेचा, म्हणजे सरकार जसं वागेल तसं त्याला सहकार्य किंवा विरोध करायचा रस्ता धरला आणि तिथे मागे पडले. 'गतगोष्टी' हे आत्मचरित्र १९३९ चं. गेले १४ ऑक्टोबर १९४७ ला, स्वातंत्र्य मिळून जेमतेम दोन महिने झाले होते.