चासी पावडर कोटिंगला देण्याआधी: घरी बाइक बांधणाऱ्या ग्राहकांसाठी

जुनी बुलेट किंवा यामाहाची आरएक्स १०० घरच्या गॅरेजमध्ये खोलून आपल्या मनासारखी बांधणारे बरेच ग्राहक आमच्याकडे चासी, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, घेऊन येतात. ब्लास्टिंग (वाळूसारख्या कणांच्या माऱ्याने जुना रंग आणि गंज उडवणं), पावडर कोटिंग (रंगाची पावडर फवारून भट्टीत वितळवणं) आणि टॅब-ब्रॅकेटचं, म्हणजे भाग अडकवायच्या छोट्या पट्ट्यांचं, वेल्डिंग ही आमची कामं. इंजिनाबद्दल तुम्हाला काही सांगायची गरज नाही. हे पत्रक काढलं ते एका चुकीमुळे. कोटिंग करून नेलेली चासी दोन-तीन आठवड्यांत परत येते आणि ग्राहक म्हणतात, "हॉर्नचा एक टॅब राहिला, तेवढा मारून द्या."

तो टॅब मारायचा तर आधी तिथली पावडर घासून उघडं लोखंड काढावं लागतं, कारण पावडरवर वेल्डिंग धरत नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूची पावडर जळते, पाइपच्या पलीकडच्या अंगाचीही. पावडर भट्टीत वितळून एकजीव झालेली असते, तिला ब्रशने जोड देता येत नाही. वरून स्प्रे मारला तर रंग जुळत नाही आणि त्या कडेतून गंज आत शिरतो. म्हणजे एका टॅबसाठी सगळी पावडर केमिकलने उतरवायची, पुन्हा ब्लास्टिंग, पुन्हा कोटिंग. चांगली बसलेली पावडर काढणं जुना रंग काढण्यापेक्षा अवघड, म्हणून दुसऱ्या वेळचा दर पहिल्यापेक्षा जास्त लागतो. हे काम आम्ही करून देतो, पण ते आमच्याकडे येऊच नये असं आम्हाला मनापासून वाटतं.

उपाय एकच: रंगाआधी सगळी गाडी कच्ची, म्हणजे तात्पुरती, जोडून बघा. सगळी म्हणजे इंजिन आणि दोन चाकं बसली की झालं, असं नव्हे. नंबर प्लेटच्या दिव्यापर्यंत सगळी.

कच्च्या जोडणीत काय बघायचं

मागचं चाक वर आल्यावर कुठे लागतं, ते स्टँडवर उभ्या गाडीत दिसत नाही. शॉकअपच्या दोन डोळ्यांमधलं अंतर मोजा. त्यातून शॉकअपच्या दांड्याची बंपच्या रबरापर्यंतची (शॉकअप पूर्ण दबल्यावर टेकतो तो रबर) उघडी लांबी वजा करा, आणि रबर दबतो म्हणून आणखी ५ मिमी कमी धरा. तेवढ्या अंतरावर दोन भोकं पाडलेली लोखंडी पट्टी दोन्ही बाजूंना शॉकअपच्या जागी लावा. आता चाक जितकं वर येऊ शकतं तितकं आलेलं आहे. या स्थितीत टायर आणि सीटच्या पत्र्यात किंवा मडगार्डमध्ये किमान १५ मिमी जागा हवी. मडगार्डचे बोल्ट आतल्या बाजूने उलटे येत असतील तर त्यांच्या टोकापासून मोजा. माप घेऊन आलात तर ही पट्टी आम्ही कापून, भोकं पाडून देतो.

रुंद टायर टाकला असेल तर चेन आणि टायरमध्ये ८ मिमी तरी फट ठेवा. चेन ॲडजस्टर पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे, दोन्ही ठिकाणी बघा. मागच्या स्प्रॉकेटला सरळ पट्टी टेकवून ती पुढच्या स्प्रॉकेटवर नीट येते का, तेही याच वेळी.

हॅन्डल दोन्हीकडे लॉकपर्यंत फिरवा, मात्र क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटरच्या सगळ्या केबल आणि वायरिंग जागेवर असताना. हॅन्डल टाकीला लागायला नको आणि केबल ताणली जायला नको. इंजिन चालू ठेवून हॅन्डल वळवलं आणि आवाज चढला, तर ॲक्सिलरेटरची केबल आखूड आहे.

फूटरेस्ट मागे सरकवणाऱ्यांनी किक खालपर्यंत मारून बघावी. आरएक्सला आणि जुन्या बुलेटला सेल्फ नाही. किक फूटरेस्टवर अडकली तर गाडी चालूच होणार नाही.

मग वायरिंग. हार्नेस (वायरींचा जुडगा) टेपने बांधून चासीवर पसरा आणि साधारण दर १५० ते २०० मिमीवर क्लिपची खूण करा. नेमके राहतात ते टॅब असे: हॉर्न, मागच्या ब्रेकलाइटचा स्विच, चार्जिंगचा रेग्युलेटर, इंडिकेटरचा फ्लॅशर, नंबर प्लेट आणि साइड स्टँडच्या स्प्रिंगची खुंटी. टॅबसाठी ३ मिमी जाडीची पट्टी घ्या, कोपरे गोल करा. आधी वेल्डिंगचे नुसते टाके मारा, भाग बसवून बघा, मगच पूर्ण वेल्डिंग. बाइकवर वेल्डिंग करताना बॅटरी सोडा आणि सीडीआय (स्पार्क देणारं इलेक्ट्रॉनिक युनिट) असेल तर तोही काढून ठेवा.

शेवटी स्टँडवर इंजिन दहा मिनिटं चालवा. जो टॅब थरथरतो तो पुढे तुटणार. त्याला आताच आधार द्या.

पावडर कुठे नको

आमची पावडर ६० ते ८० मायक्रॉन जाड बसते. भोकात ती दोन्ही बाजूंनी बसते, म्हणजे व्यास सुमारे ०.१२ ते ०.१६ मिमीने कमी होतो. हॅन्डल ज्यावर फिरतं त्या बॉल रेसरचे (गोळ्यांच्या बेअरिंगचे) कप जिथे ठोकून बसतात तिथे एवढा फरक पुष्कळ झाला. कप तिरका बसतो, गोळ्या फिरतात त्या रेसवर खड्डे पडतात आणि हॅन्डल मधोमध अडकायला लागतं. म्हणून कपाच्या जागा, स्विंग आर्मचं (मागचं चाक धरणाऱ्या वरखाली हलणाऱ्या भागाचं) भोक आणि सगळे आटे आम्ही सिलिकॉनच्या बुचांनी बंद करतो. इंजिन माउंटिंगच्या जिथे बोल्ट आवळतो त्या सपाट जागाही उघड्याच ठेवतो. जाड पावडर दाबाखाली हळूहळू चेपते आणि घट्ट आवळलेला बोल्ट सैल पडतो. "इथे रंग का नाही" असं पुष्कळजण विचारतात. त्याचं कारण हे.

अर्थिंगची जागा मात्र तुम्हीच दाखवायची. पावडरमधून वीज जात नाही. अर्थ नीट मिळाला नाही की दिवे मंद लागतात, बॅटरी चार्ज होत नाही आणि दोष रेग्युलेटरला दिला जातो. बॅटरीजवळ एक आणि इंजिन माउंटिंगजवळ एक, अशा दोन जागांवर खडूने गोल करून द्या. वायर आवळल्यावर उघड्या लोखंडावर थोडं ग्रीस लावा.

भट्टीत काय चालत नाही

भट्टी १८० ते २०० अंशांवर चालते. वेल्डिंग झाकायला साधी लांबी (पुट्टी) भरली असेल तर ती फुगते, फुटते. सांधा ग्राइंडरने घासून सारखा करा, लांबी भरू नका. बेअरिंग, बुश, रबर सगळं काढून आणा. पाइपच्या आत जुनं तेल-ग्रीस राहिलं तर तापल्यावर ते पाझरतं आणि तिथे रंगाला फोड येतात. घरीच डिझेलने धुऊन, पुसून, वाळवून आणलंत तर दोघांचाही वेळ वाचतो.

पेट्रोलची टाकी आम्ही भट्टीत घालत नाही. आत पेट्रोलची वाफ राहिलेली असू शकते, शिवाय जुन्या टाक्यांना गळती बंद करायला डाग दिलेला असतो. शिसं-कथलाचा तो डाग १८३ अंशांच्या आसपास वितळायला लागतो. टाकीला स्प्रे पेंटच योग्य. रंग चासीशी जुळवायचा असेल तर त्याच छटेची रंगवलेली पट्टी आम्ही देतो, पेंटरला दाखवायला.

आरसी बुक का मागतो

चासी घेताना आम्ही आरसीची झेरॉक्स घेतो आणि चासी नंबर पडताळतो. नंबरावर ब्लास्टिंग हलक्या हाताने करतो आणि पावडर पातळ ठेवतो, म्हणजे आरटीओत आणि विम्याला तो वाचता येतो. नंबर जुळत नसेल तर काम घेत नाही, ओळखीच्या ग्राहकाचंही नाही.

नोंदणीकृत गाडीची चासी कापून आखूड किंवा लांब करण्याचं कामही आम्ही घेत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ कंपनीच्या तपशिलांत फरक पडेल असा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. गाडीचा रंग बदलत असाल तर आरसीवर नोंद करून घ्या. बोल्टने बसणारी सीट, फूटरेस्ट, दिवे, त्यांचे टॅब यांत हौस भागवायला भरपूर वाव आहे आणि त्यात आम्ही हवी ती मदत करतो.

वेळ

ब्लास्टिंग केलेलं लोखंड पावसाळ्यात काही तासांतच तांबूस पडतं. म्हणून ब्लास्टिंग आणि कोटिंग आम्ही एकाच दिवशी करतो आणि सकाळी आलेलीच चासी त्या दिवशी धरतो. फक्त ब्लास्टिंग करून घरी नेण्याचा आग्रह कृपया करू नका.

येताना कच्च्या जोडणीचे चार फोटो आणा: दोन्ही बाजूंचे, मागचा आणि सीटखालचा. ते बघून काउंटरवरच काही राहिलं असेल तर सांगतो आणि टॅब तिथल्या तिथे मारून देतो. कोटिंगच्या कामासोबत पहिल्या दोन टॅबचे पैसे घेत नाही. चासी नेताना बुचं आतच ठेवून देतो. जोडणी होईपर्यंत ती काढू नका, आट्यांत धूळ जाणार नाही. नंतर परत आणून द्या.