महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ

राज्यातील कारखाने, नगरपालिका, रुग्णालये यांच्याकडून बाहेर पडणारे सांडपाणी, धूर आणि घातक कचरा यांवर देखरेख ठेवणारी वैधानिक संस्था. मुख्यालय मुंबईत शीव येथे, मध्यवर्ती प्रयोगशाळा नवी मुंबईतील महापे येथे, आणि राज्यभर प्रादेशिक व उपप्रादेशिक कार्यालये. लोकांच्या तोंडी ‘एमपीसीबी’ किंवा नुसतेच ‘प्रदूषण मंडळ’. नावावरून हे मंडळ नद्या-नाले साफ करत असेल असा समज होतो, तो चुकीचा आहे. गाळ उपसणे, नाला वळवणे, शुद्धीकरण केंद्र बांधणे ही कामे दुसऱ्यांची. मंडळ परवानगी देते, नमुना घेते आणि नमुना वाईट निघाला तर नोटीस काढते. यांतले मधले काम सर्वांत नाजूक. पुढची सगळी कारवाई त्या एका बाटलीवर उभी असते.

जलप्रदूषणाबाबत महाराष्ट्राने केंद्राची वाट पाहिली नाही. १९६९ मध्येच राज्याने स्वतःचा जलप्रदूषण प्रतिबंधक अधिनियम केला आणि ७ सप्टेंबर १९७० रोजी मंडळ स्थापन झाले. केंद्राचा जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम त्यानंतर, १९७४ मध्ये आला. पाणी हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय, त्यामुळे संसदेला राज्यघटनेच्या २५२ व्या कलमाचा आधार घ्यावा लागला आणि राज्यांनी तो कायदा एकेक करून स्वीकारला. महाराष्ट्राने तो १९८१ मध्ये स्वीकारला. हवेचा कायदाही १९८१ चाच. राज्यात तो १९८३ पासून आधी काही भागांना आणि १९९६ मध्ये संपूर्ण राज्याला लागू झाला.

सुरुवातीची बरीच वर्षे मंडळाच्या हाती फारसे काही नव्हते. कारखान्याला रोखायचे तर न्यायालयात जावे लागे, आणि तारखा पडत असताना पाणी वाहतच राही. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर चित्र बदलले. १९८६ मध्ये पर्यावरण (संरक्षण) अधिनियम आला. पाठोपाठ १९८७ मध्ये हवेच्या कायद्यात ३१अ आणि १९८८ मध्ये पाण्याच्या कायद्यात ३३अ ही कलमे घातली गेली. या कलमांखाली मंडळ थेट कारखाना बंद करण्याचा, त्याची वीज आणि पाणी तोडण्याचा आदेश देऊ शकते. औद्योगिक वसाहतीत ‘क्लोजर आलं’ असे म्हणतात ते याला. दंडाला न घाबरणारा कारखानदार याला घाबरतो, कारण दंडाची रक्कम हिशेबात धरता येते, बंद पडलेली बॅच धरता येत नाही.

मंडळाची रचना कायद्यानेच ठरवली आहे : अध्यक्ष, पूर्णवेळ सदस्य-सचिव, जास्तीत जास्त पाच शासकीय अधिकारी, जास्तीत जास्त पाच स्थानिक स्वराज्य संस्थांचे प्रतिनिधी, शेती, मासेमारी, उद्योग वगैरे क्षेत्रांतील तीनपर्यंत सदस्य आणि शासकीय कंपन्यांचे दोन. यातली मौज अशी, की नद्यांत सर्वाधिक मैलापाणी सोडणाऱ्या नगरपालिका आणि महापालिका याच त्या स्थानिक स्वराज्य संस्था. ज्यांना नोटीस काढायची त्यांच्यासाठी मंडळावर खुर्च्या राखलेल्या आहेत.

संमतिपत्र हे मंडळाचे मुख्य हत्यार. कारखाना उभारण्याआधी एक संमती घ्यावी लागते आणि तो चालू करण्याआधी दुसरी. बोलीभाषेत दोन्ही ‘कन्सेंट’च. मुदत संपली की नूतनीकरण. कोणते उत्पादन किती टन घ्यायचे, रोज किती घनमीटर सांडपाणी निघेल, ते कुठे सोडायचे, चिमणी किती उंच हवी, असे सगळे त्या कागदावर लिहिलेले असते, आणि कारखान्याचा गुन्हा ठरतो तो याच कागदाच्या मापाने. अर्जावर चार महिन्यांत निर्णय झाला नाही तर संमती मिळाली असे मानण्याची तरतूद पाण्याच्या कायद्यातच आहे, म्हणून मंडळाच्या टेबलावर पडून राहिलेली फाइल अर्जदाराच्या नव्हे, मंडळाच्या अंगाशी येऊ शकते. किती काटेकोर अटी घालायच्या हे उद्योगाच्या वर्गावर ठरते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१६ मध्ये प्रदूषण निर्देशांक काढून लाल, नारिंगी, हिरवा आणि पांढरा असे चार वर्ग केले. रसायने, औषधांचा कच्चा माल, साखर, कातडी कमावणे हे लाल वर्गात; पांढऱ्या वर्गाला नुसते कळवले तरी चालते.

आता नमुना. क्षेत्र अधिकारी गेटवर येतो, सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेच्या (कारखान्यात तिला ‘ईटीपी’च म्हणतात) शेवटच्या चेंबरचे झाकण काढायला लावतो आणि दोरीला बांधलेला कॅन आत सोडतो. कॅन आधी त्याच पाण्याने विसळायचा. सामू जागीच तपासायचा. ‘बीओडी’ची (पाण्यातल्या कुजणाऱ्या घाणीचे माप) बाटली काठोकाठ भरायची, आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये. ‘सीओडी’च्या (घाणीचे रासायनिक माप) नमुन्यात सल्फ्युरिक आम्लाचे थेंब टाकायचे, तेल-ग्रीससाठी रुंद तोंडाची काचेची बाटली वेगळी. मग सगळे बर्फाच्या पेटीत. हा झाला रोजच्या देखरेखीचा नमुना, ज्याला मंडळात ‘जेव्हीएस’ म्हणतात. त्यावर नोटीस निघू शकते. खटल्यात मात्र पुरावा म्हणून चालतो तो पाण्याच्या कायद्याच्या २१ व्या कलमाप्रमाणे घेतलेलाच नमुना. म्हणजे कारखानदाराला तिथल्या तिथे नोटीस द्यायची, त्याच्यादेखत नमुन्याचे दोन भाग करायचे, दोन्हींवर सील आणि दोघांच्या सह्या. एक सही राहिली की वकील खूश.

नदीत सोडायच्या पाण्यासाठी सर्वसाधारण मर्यादा अशा : सामू ५.५ ते ९, बीओडी लिटरमागे ३० मिलिग्रॅम, सीओडी २५०, तरंगते घन पदार्थ १००, तेल-ग्रीस १०. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जीवाणूंना लागणारा प्राणवायू. थंड देशांत ही चाचणी २० अंशांवर पाच दिवस चालते. आपल्याकडच्या उष्ण हवेला धरून ती २७ अंशांवर तीन दिवस ठेवतात. म्हणजे गुरुवारी चाचणीला लावलेल्या पाण्याचा निकाल रविवारी कळतो, तोवर ते पाणी खाडीला मिळालेले असते. या उशिरावर उपाय म्हणून २०१४ मध्ये केंद्रीय मंडळाने १७ अतिप्रदूषक उद्योगप्रकारांना नळावर आणि चिमणीवर सतत मोजणारे सेन्सर बसवायला सांगितले. आकडे थेट सर्व्हरवर जातात. सेन्सर नेमका कोणत्या पाण्यात बुडवला आहे, हे मात्र सर्व्हरला कळत नाही.

लहान कारखान्यांना स्वतःची पूर्ण यंत्रणा परवडत नाही. ते पाणी थोडेफार साफ करून सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राकडे, म्हणजे ‘सीईटीपी’कडे पाठवतात. महाराष्ट्रात अशी केंद्रे डोंबिवली, तारापूर, तळोजा, महाड, लोटे-परशुराम, कुरकुंभ, वाळूज, बुटीबोरी अशा बहुतेक मोठ्या औद्योगिक वसाहतींत आहेत. व्यवस्था कागदावर सोपी : वसाहत आणि वाहिन्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या, केंद्र बहुधा कारखानदारांच्या संस्थेचे, देखरेख मंडळाची. त्यामुळे नाल्याला फेस आला की तक्रार करणारा गोल फिरतो. वाहिनी फुटली असेल तर महामंडळ, केंद्र नीट चालत नसेल तर संस्था, एखाद्याने रात्री आम्ल सोडून केंद्रातले जीवाणूच मारले असतील तर तो कोण हे शोधणे मंडळाकडे. एका कारखान्याच्या आगाऊपणाने सगळ्यांची एरेशन टाकी (जीवाणूंना हवा पुरवणारी) आठवडाभर बसते, हे केंद्र चालवणाऱ्यांचे नेहमीचे दुखणे.

डोंबिवलीकरांना हे सांगायला नको. तिथे जानेवारी २०१४ मध्ये हिरवा पाऊस पडला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये औद्योगिक वसाहतीतला रस्ता गुलाबी झाला. तळोज्यात ऑगस्ट २०१७ मध्ये कासाडी नदीलगतच्या भागात निळी कुत्री फिरताना दिसली. मंडळाने रंग वापरणारा कारखाना बंद केला. अशा बातम्यांत रंग दिसतो म्हणून कारवाई लवकर होते. रंग नसलेले विद्रावक आणि क्षार छायाचित्रात येत नाहीत. रात्रीच्या उग्र वासाचे तर आणखी कठीण : तक्रार दोन वाजताची, अधिकारी पोचतो सकाळी, वास गेलेला. (स्फोट झाला तरी लोक मंडळालाच जाब विचारतात, पण कामगारांची सुरक्षितता आणि यंत्रे तपासणे हे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचे काम आहे.)

केंद्रीय मंडळाने २००९ मध्ये देशातील ८८ औद्योगिक समूहांचा प्रदूषणाचा सर्वंकष निर्देशांक काढला. त्यात ७० च्या वर गुण म्हणजे अतिप्रदूषित. असे ४३ निघाले आणि त्यांत चंद्रपूर (८३.८८), डोंबिवली, औरंगाबाद, नवी मुंबई आणि तारापूर ही महाराष्ट्रातली पाच होती. २०१८ च्या फेरीत तारापूर ९३.६९ गुणांनी देशात पहिले आले. तारापूरचे प्रक्रिया केलेले पाणी नवापूरच्या किनाऱ्याजवळ समुद्रात सोडतात. खाडीतली मासळी गेल्याची तक्रार घेऊन तिथला मच्छीमार मांगेला समाज राष्ट्रीय हरित लवादाकडे गेला, आणि त्या प्रकरणात मंडळाच्या तपासणीचीही मोठी कसोटी लागली.

पाणी साफ केले म्हणजे घाण नाहीशी होत नाही, ती गाळात उतरते. हा गाळ, ऊर्ध्वपातनानंतर उरलेला डांबरासारखा साका, वापरून झालेले उत्प्रेरक हे सगळे घातक कचऱ्यात मोडते. १९८९ पासून त्यासाठी स्वतंत्र नियम आहेत, सध्याचे २०१६ चे. कारखान्याला हा कचरा साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही. तळोजा, महापे, रांजणगाव, बुटीबोरी येथील सामायिक केंद्रांवर तो जातो. जळण्याजोगा भट्टीत, बाकीचा चुना-सिमेंट मिसळून स्थिर करून, खाली चिकणमाती आणि जाड प्लास्टिकचे अस्तर घातलेल्या खड्ड्यात. प्रत्येक खेपेबरोबर सात रंगांच्या प्रतींचे एक पत्रक निघते : पांढरी प्रत पाठवणारा मंडळाला देतो, पिवळी स्वतःकडे ठेवतो, गुलाबी कचरा घेणाऱ्याकडे राहते, नारिंगी वाहतूकदाराकडे, हिरवी घेणारा मंडळाला पाठवतो, निळी पाठवणाऱ्याकडे परत येते आणि करडी परराज्याच्या मंडळासाठी. पांढरी आणि हिरवी जुळली नाही तर मधल्या रस्त्यात काहीतरी झाले, असा त्याचा अर्थ. ज्या टँकरसाठी पत्रकच फाडलेले नसते तो यात सापडत नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरला वालधुनी नदीत अशाच टँकरमधून रसायन ओतले गेले आणि काठच्या वस्तीतल्या शेकडो लोकांना श्वासाचा त्रास झाला.

मंडळाची इतर कामे थोडक्यात : शहरांतील हवेची मोजणी, रुग्णालयांच्या जैववैद्यकीय कचऱ्यावर लक्ष, गणेशोत्सव आणि दिवाळीत आवाजाची पातळी मोजणे, २०१८ च्या राज्याच्या प्लास्टिकबंदीच्या अंमलबजावणीत भाग. ५ जून २०१७ पासून मोठ्या कारखान्यांना चिमणीतून निघणाऱ्या धूलिकणांवरून एक ते पाच तारे देण्याचा उपक्रमही सुरू झाला. लोकांना कळेल अशा भाषेत मंडळ क्वचितच बोलते. हा त्यातला एक प्रसंग.

नुकसानीची किंमत वसूल करण्याचा प्रश्न बरीच वर्षे अडलेला होता. ‘प्रदूषण करील तो भरील’ हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये वेल्लोरच्या कातडी कारखान्यांच्या खटल्यात मान्य केले, पण भरायचे किती? केंद्रीय मंडळाने नंतर गुणाकाराचे सूत्र दिले : उद्योगाचा प्रदूषण निर्देशांक, नियम मोडल्याचे दिवस, रुपयांचा घटक, कारखान्याचा आकार आणि जवळच्या वस्तीची लोकसंख्या, रोजची किमान रक्कम ५,००० रुपये. अशी भरपाई राज्य मंडळे स्वतः वसूल करू शकतात का, यावर वाद होता. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या एका प्रकरणात ३३अ आणि ३१अ या कलमांखालीच तो अधिकार मंडळांना आहे, मात्र त्यासाठी आधी नियम करावे लागतील, असा निर्णय दिला.

शहरांचे काय, हा प्रश्न उरतोच. फेब्रुवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ईटीपी चालू नसलेले कारखाने बंद करायला सांगितले आणि स्थानिक संस्थांना मैलापाणी केंद्रांसाठी तीन वर्षे दिली. पंचगंगेच्या काठी या दोन्हींचा फरक नीट दिसतो. इचलकरंजीच्या कापड-प्रोसेसिंग कारखान्यांसाठी रोज १ कोटी २० लाख लिटर क्षमतेचे सामायिक केंद्र आहे. तिथला नमुना बिघडला की मंडळ कारखान्यांची वीज तोडू शकते. कोल्हापूरच्या जयंती आणि दुधाळी नाल्यांतून किंवा इचलकरंजीच्या काळ्या ओढ्यातून येणाऱ्या मैलापाण्याला ३३अ लावून उपयोग नाही, कारण शहराचे पाणी तोडता येत नाही. महापालिकेला नोटीस जाते, बँक गॅरंटी जप्त होते, खटला दाखल होतो, आणि ती रक्कम शेवटी घरपट्टी भरणाऱ्यांच्याच पैशांतून जाते. उन्हाळ्यात शिरोळ तालुक्यात तेरवाडच्या बंधाऱ्याला काळे पाणी तटून मासे वर येतात, तेव्हा गावकरी अधिकाऱ्याला बंधाऱ्यावरच थांबवून नमुना आपल्यादेखत घ्यायला लावतात.