पाखाडी चढताना ७२, उतरताना १००

पेसमेकर, म्हणजे हृदयाला ठोके देणारं यंत्र, बसवून माणूस घरी आला की भेटायला येणारा प्रत्येक जण सांगतो, ‘आता काय काळजी? सगळं मशीनमध्ये रेकॉर्ड होतं.’ मग सहा महिन्यांनी रत्नागिरीला नाहीतर कोल्हापूरला तपासणी होते. डॉक्टर विचारतात, ‘काही त्रास?’ उत्तर येतं, ‘गणपतीच्या सुमारास दम लागला होता.’ प्रोग्रामरच्या, म्हणजे पेसमेकर बाहेरून तपासण्याच्या उपकरणाच्या, पडद्यावर मात्र त्या दिवसाचं काहीच नसतं. पेसमेकर बिघडलेला नसतो, त्याच्या लेखी तेव्हा काही घडलेलंच नसतं.

पेसमेकरची स्मृती छोटी असते. किती टक्के ठोके त्याने दिले, कोणत्या वेगात हृदय किती वेळ होतं, बॅटरी आणि तारा कशा आहेत, एवढं तो ठेवतो. विद्युत आलेख साठवतो तो बहुधा ठरवून दिलेली मर्यादा ओलांडली तरच, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे फडफडले किंवा खालचे अचानक फार वेगाने धावले तर. जागा भरली की जुन्या नोंदींवर नव्या चढतात. चढावर दम लागला तेव्हा नाडी ७२ असेल, तर त्यात नोंदवण्यासारखं त्याला काहीच दिसत नाही.

पण चढावर ७२च का? ज्यांच्या हृदयाचा स्वतःचा वेग श्रमाबरोबर वाढत नाही, त्यांच्या पेसमेकरमधला हालचाल ओळखणारा संवेदक चालू केलेला असतो. अनेक मॉडेलमध्ये तो त्वरणमापक असतो. छाती हलली की त्यातला सूक्ष्म भाग किंचित वाकतो आणि त्यातून विद्युत संकेत मिळतो. हेलकावे किती मोठे आणि किती वेळा, यावरून यंत्र ठोक्यांचा वेग ठरवतं: बसल्यावर मिनिटाला ६०, चालल्यावर ९०, फार तर १२०-१३०. म्हणजे ते मोजतं हिसके. श्रम त्याला कळतच नाहीत.

आता कोकणात आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला पाखाडीने, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेने, निघालेला माणूस बघा. चढताना पाऊल सावकाश पडतं, टाच हळू टेकते, छाती फारशी हलत नाही. मांड्यांना रक्त भरपूर हवं असतं, पण संवेदकाला वाटतं की माणूस रमतगमत चाललाय. उतरताना प्रत्येक चिऱ्यावर अंगाचा सगळा भार टाचेवर आदळतो, हिसका कण्यातून छातीपर्यंत जातो आणि नाडी १०० होते, खरं तर तेव्हा कष्ट कमी असतात. खड्ड्यांच्या रस्त्यावर एसटीत नुसतं बसूनही वेग वाढू शकतो. काही पेसमेकर श्वासाची खोली मोजतात, ते चढाला जास्त न्याय देतात. आणि ज्यांचा दोष फक्त वरच्या कप्प्यांकडून खाली येणाऱ्या वाटेत आहे, त्यांच्यात दोन तारांचा पेसमेकर हृदयाच्या स्वतःच्या वेगामागे जातो. त्यांना हा प्रश्न सहसा येत नाही.

यावर उपाय आहे. संवेदकाची तीव्रता प्रोग्रामरवर काही मिनिटांत बदलता येते. फक्त डॉक्टरांना वहीत लिहिलेली अशी ओळ हातात मिळायला हवी:

‘१२ जून, सकाळी ७:४०. पाखाडी चढताना दम, ३ मिनिटं, नाडी ७२, एकसारखी. ७:५५ ला उतरताना धडधड, दम नाही, नाडी १००.’

वेळ मोबाइलवरची लिहा, मिनिटासकट, कारण यंत्रातली नोंद त्याच वेळेशी जुळवून पाहायची असते. श्रमानंतर थांबल्याथांबल्या ३० सेकंद मोजून दुप्पट करा, बसून मात्र पूर्ण ६० सेकंद मोजा. घेरी आली असेल तर बसून आणि उभं राहून, दोन्ही रक्तदाब हवेत. पेसमेकरवर ठरवलेला किमान वेग ६० असताना मनगटावर किंवा बीपीच्या यंत्रावर ४५ दिसले, तर कदाचित अवेळी ठोके पडत असतील: हृदय भरायच्या आत पडलेल्या ठोक्याची लाट मनगटापर्यंत पोचत नाही, पण पेसमेकर तो ठोका मोजतो. तरीही आकडा लिहून त्याच दिवशी दवाखान्यात कळवा.

जत्रेत ‘हृदयाला उत्तम’ म्हणून चुंबकीय पट्टे आणि गाद्या विकतात, त्या घरात आणू नका. सुमारे १० गॉसचं चुंबकक्षेत्र जवळ आलं की बहुतेक पेसमेकर हृदयाचं ऐकणं थांबवतात आणि ठरावीक वेगाने, अनेक मॉडेलमध्ये ८५ ते १००ने, ठोके देत राहतात. रात्रीच्या धडधडीचं कारण मग वहीतही सापडत नाही. घेरीला ‘बाहेरचं’ समजून आधी भगताकडे जाण्यात तर मोलाचे तास जातात.

शुद्ध हरपली, घेरीसोबत नाडी ठरवलेल्या वेगाखाली गेली, उचकी थांबेचना, छातीचा स्नायू ठोक्यागणिक उडू लागला किंवा पेसमेकरवरची कातडी लाल होऊन सुजली, तर लिहीत बसू नका. पेसमेकरचं कार्ड खिशात घालून लगेच निघा, आणि गाडी दुसऱ्याला चालवू द्या.