काओरची काळी वाइन

फ्रान्समधल्या काओर गावची वाइन पेल्यात ओतली की पेल्यामागचं बोट दिसत नाही. इंग्लंडमध्ये तिचं नावच 'काळी वाइन' पडलं होतं. हा रंग मालबेक द्राक्षाचा. काओरच्या परिसरात त्याला 'को' असंही म्हणतात. डीएनए तपासणीत कळलं की मालबेक आणि मेर्लो ही दोन्ही द्राक्षं एकाच आईची लेकरं. मेर्लो मात्र स्वभावाने पुष्कळ मऊ.

काओर नैर्ऋत्य फ्रान्समध्ये, लॉत नदीच्या वळणात वसलेलं आहे. लॉत गारोन नदीला मिळते आणि गारोन बोर्दो शहरावरून समुद्राकडे जाते. मध्ययुगात वाइनची पिंपं होड्यांतून याच वाटेने निघत. दुखणं तिथेच होतं, कारण बंदर बोर्दोचं. 13व्या शतकात, बोर्दो इंग्लंडच्या राजाच्या अमलाखाली असताना, तिथल्या व्यापाऱ्यांनी एक सवलत पदरात पाडून घेतली: वरच्या खोऱ्यातली वाइन 11 नोव्हेंबरच्या आत, पुढे तर नाताळच्या आत, शहरात येऊ द्यायची नाही. तेव्हाची वाइन फार टिकत नसे आणि भाव नव्या मालालाच. बोर्दोचा माल जहाजांवर चढला की मग काओरची पाळी. ही मक्तेदारी पाचशेहून अधिक वर्षं चालली. 1776 मध्ये फ्रान्सचे मंत्री तुर्गो यांनी ती मोडली. गंमत म्हणजे, आपली फिकी वाइन गडद करायला बोर्दोवाले हीच काळी वाइन तिच्यात मिसळत.

बाजार मोकळा झाला आणि शतकभरात मुळं खाणारी फायलॉक्सेरा कीड आली. बागा उजाड झाल्या. अमेरिकन खुंटावर, म्हणजे ही कीड सोसणाऱ्या वेलीच्या मुळांवर, कलम बांधणं हा त्यावरचा उपाय. खुंट म्हणजे काय ते नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला समजावायला नको. पण मालबेकची फुलोऱ्यात गळ फार, थंडीही सोसत नाही. फेब्रुवारी 1956च्या कडाक्याने काओरच्या उरल्यासुरल्या बहुतेक वेली मारल्या. बोर्दोतल्या अनेकांनी त्यानंतर मालबेकचा नादच सोडला. काओरकरांनी तोच पुन्हा लावला आणि 1971 मध्ये अधिकृत भौगोलिक दर्जा मिळवला. नियमाप्रमाणे किमान 70 टक्के मालबेक हवा. बाकी मेर्लो किंवा तॅना ही द्राक्षं.

तोवर मालबेक परदेशी स्थिरावला होता. मिशेल पूजे या फ्रेंच कृषितज्ज्ञाने 1853च्या सुमारास तो अर्जेंटिनात, मेंडोझाला नेला. तिथल्या उंचावरच्या कोरड्या उन्हात तो असा रमला की जगाला आता तो अर्जेंटिनाचाच वाटतो. माहेर फ्रान्सचं, नाव झालं सासरी! काओरचे उत्पादकही हल्ली लेबलवर 'मालबेक' ठळक छापतात, ते त्या नावाच्या जोरावरच.

जेवणाच्या बाबतीत मात्र या वाइनने गाव सोडलेलं नाही. तिच्या तुरटपणाला चरबी लागते: स्वतःच्याच चरबीत मंद शिजवलेली बदकाची तंगडी, पांढऱ्या घेवड्याचं आणि मांसाचं कासुले, भाजलेलं कोकरू. झणझणीत रश्श्याबरोबर ती घेऊ नये. तिखटाने तुरटपणा आणखी बोचतो. त्या भागात सूप संपत आलं की ताटलीच्या तळाशी थोडं राखतात, त्यात पेल्यातली लाल वाइन ओततात, ताटली दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावतात आणि भुरका मारतात. याला म्हणतात शाब्रो.