सेशेल्सचा चष्मेवाला आणि आपली साळुंकी

मेळघाटात पळस फुलला की मधावर येणाऱ्या पाखरांत चष्मेवाला असतोच. पिवळट हिरवा, चिमणीहून लहान, डोळ्याभोवती पांढरं कडं. याच कुळातला एक भाऊबंद हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांखेरीज जगात कुठेच नाही. अंगाने राखाडी, कडं मात्र तेच. 1935 नंतर तो कुणाला दिसला नाही आणि संपला असं धरलं गेलं. 1960 मध्ये माहे या मोठ्या बेटावर तो पुन्हा सापडला, तेही मूठभरच.

हे कसं झालं, ते पाहायला बरंच मागे जावं लागतं. 1770 मध्ये फ्रेंच वसाहत होईपर्यंत सेशेल्सवर कायमची मानवी वस्तीच नव्हती. मग जहाजं आली, त्यांतून उंदीर उतरले. जंगल तोडून दालचिनी आणि नारळ लावले गेले. शेजारच्या मारियान बेटावर चष्मेवाल्याची पिवळ्या पोटाची वेगळी जात होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नारळाच्या बागांपायी तिचं जंगल गेलं आणि तीही गेली.

यात आपल्या ओळखीची एक पाहुणी आहे. 1762 मध्ये टोळ आवरायला भारतातून साळुंक्या मॉरिशसला नेल्या गेल्या. 2020 च्या मे महिन्यात काटोल-मोर्शीकडे टोळधाड आली तेव्हा थाळ्या बडवणाऱ्यांना त्या निर्णयामागची घालमेल सहज कळेल. मॉरिशसहून साळुंकी सेशेल्सला पोचली. नांगरामागे किडे टिपणारी ही पाखरं शेतकऱ्याला आपलीच वाटतात, पण तिकडे ती दुसऱ्यांच्या घरट्यांवर चालून जाते. तिला दोष तरी काय द्यायचा? बोलावणारी माणसंच होती.

खरी कलाटणी 1997 ची. कॉन्सेप्शन नावाच्या जेमतेम दीडशे एकरांच्या बेटावर या चष्मेवाल्यांची अडीचशेच्या वर वस्ती सापडली. तिथेही उंदीर होते, पण तपकिरी. झाडावर सरसर चढून घरटी लुटतो तो काळा उंदीर, आणि तो तिथे पोचलाच नव्हता. एका जातीचं नशीब अशा फरकावर टिकलेलं असतं, हे मला या सगळ्या हकिकतीत सर्वांत विलक्षण वाटतं. (योगायोग असा की त्याच वर्षी, शंभराहून अधिक वर्षं हरवलेला रानपिंगळा शहाद्याजवळ पुन्हा सापडला. पुढे मेळघाटातही त्याची चांगली वस्ती निघाली.)

सगळी पुंजी एकाच बेटावर ठेवणं धोक्याचं होतं. फ्रिगेट बेटावरचे उंदीर 2000 मध्ये संपवले होते. पुढच्याच वर्षी कॉन्सेप्शनवरून 31 पक्षी तिथे नेऊन सोडले आणि त्यांची वीण चालू झाली. 2007 मध्ये आणखी दोन बेटांवर, नॉर्थ आणि कुझीनवर, असेच पक्षी नेले. त्याच वर्षी कॉन्सेप्शनवरचे उंदीरही काढले गेले. फ्रिगेटवर साळुंक्या तेवढ्या उरल्या होत्या. सापळे आणि बंदुका लावून त्याही काढाव्या लागल्या, आणि ते काम उंदरांपेक्षा चिवट ठरलं, कारण साळुंकी एकदा फसली की सापळा ओळखते. राखाडी चष्मेवाला आता अतिसंकटग्रस्तांच्या यादीत नाही. माहेवर मात्र काळे उंदीर आहेतच, आणि तिथली त्याची वस्ती अजून तुटपुंजीच आहे.